चुकीच्या कलमाखाली चाललेला खटला

26 जुलै 2023 रोजी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीसमोर हवाई दलाचा माजी गुप्तवार्ता अधिकारी डेव्हिड ग्रश याने शपथेवर सांगितलं, की सरकारच्या ताब्यात मानवेतर मूळ असलेली यानं आहेत. स्वतः पाहिलीस का? नाही, पाहिलेल्यांनी सांगितलं. पुढे मार्च 2024 मध्ये पेंटॅगॉनच्याच चौकशी कार्यालयाने अहवाल दिला, की असा कसलाही पुरावा सापडलेला नाही. तेव्हापासून उडत्या तबकड्यांचा विषय निघाला की आर्ट बेलचं नाव हमखास निघतं. नव्वदच्या दशकात अर्ध्या अमेरिकेला रात्री जागवणारा हा रेडिओ निवेदक 2018 साली वारला. त्याचे भक्त म्हणतात, पाहा, ज्याला तुम्ही हसत होतात तो विषय आता संसदेत पोचला. त्याचे टीकाकार म्हणतात, आजच्या अफवांच्या महापुराचा उगम याच माणसाच्या माईकपाशी आहे. दोन्ही बाजूंनी आवाज मोठा आणि युक्तिवाद पातळ. ऐकीव गोष्ट शपथेवर सांगितली म्हणून ती ऐकीव राहत नाही का? आणि एका माणसाने रात्रीच्या वेळी भुताखेतांच्या गप्पा मारल्या म्हणून आख्खं राष्ट्र नासलं, हे तरी कुणी तपासून सांगितलंय? माझं म्हणणं असं, की बेलने वाटेल त्याला माईक दिला ही त्याच्या कार्यक्रमातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट होती. त्याचा दोष दुसरीकडे आहे. ज्यांना त्याने जाणकार म्हणून समोर बसवलं, त्यांचं बोलणं फसल्यावर त्यांच्याकडून हिशेब मागितला नाही. खटला चालवायचाच तर या कलमाखाली चालवावा.

माणूस कोण होता ते आधी थोडक्यात. जन्म 1945 चा. शाळकरी वयातच हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर बिनतारी संदेश पाठवण्याचा, परवाना मिळवलेला; हवाई दलात वैद्यकीय साहाय्यक; तिथेही तळावर चोरून रेडिओ केंद्र चालवणारा. मग ओकिनावातल्या इंग्रजी केंद्रावर निवेदक. तिथे एकट्याने 116 तास 15 मिनिटं सलग प्रक्षेपण करून त्याने विक्रम केला. 1978 पासून लास वेगसच्या केडीडब्ल्यूएन केंद्रावर रात्रीचा कार्यक्रम, त्याचंच 1988 मध्ये 'कोस्ट टू कोस्ट एएम' झालं. सुरुवातीला तोही इतरांसारखा राजकारणावरच बोलायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्याला राजकारण मागे पडलं आणि परग्रहवासी, भुतं, कालप्रवास, जगबुडी यांनी कार्यक्रमाचा ताबा घेतला. तोवर तो वेगसपासून शंभरेक किलोमीटरवरच्या पाहरम्प नावाच्या वाळवंटी गावात राहायला गेला होता. घरातल्या स्टुडिओत रात्री एकटा बसून, स्वतःच बटणं दाबत तो हे सगळं चालवायचा. ऐन भरात चारशेहून जास्त केंद्रांवरून त्याचा आवाज जात होता. मध्येच निवृत्ती, मग पुनरागमन, पुन्हा निवृत्ती हा खेळही त्याने इतक्यांदा केला की श्रोत्यांनी ते मनावर घेणं सोडून दिलं. 2003 पासून रोजचा कार्यक्रम जॉर्ज नूरीकडे गेला. 2013 आणि 2015 मध्ये बेलने नव्या नावांनी पुन्हा प्रयत्न केले, दोन्ही महिन्यांच्या हिशेबात आटोपले.

या कार्यक्रमाची ताकद कशात होती, ते कळल्याशिवाय वाद घालण्यात अर्थ नाही. मीडियम वेव्हवर दिवसा जेमतेम जिल्ह्यापुरतं लागणारं केंद्र रात्री हजार-दीड हजार किलोमीटरवर ऐकू येतं, हे ज्यांनी रात्री रेडिओची खुंटी पिळलीय त्यांना सांगायला नको. सूर्य मावळला की आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्यातला, लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि वरच्या थरावरून लहरी परत जमिनीकडे येतात. तेव्हा ट्रक चालवणारे, रात्रपाळीचे पहारेकरी, परिचारिका, झोप न येणारी म्हातारी माणसं हा त्याचा हक्काचा श्रोतावर्ग. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्यांना एक नंबर, पश्चिमेकडच्यांना दुसरा, पहिल्यांदाच फोन करणाऱ्यांना तिसरा. फोन उचलणारा मधला माणूसच नाही. बहुतेक केंद्रांवर सहायक आधी विचारतो, काय बोलणार, कुठून बोलताय, आणि मगच पुढे जोडतो. बेल थेट बटण दाबायचा आणि पलीकडे कोण आहे हे त्यालाही श्रोत्यांबरोबरच कळायचं. 11 सप्टेंबर 1997 च्या रात्री त्याने 'एरिया 51' या गुप्त तळावरच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांसाठी वेगळी लाइन ठेवली. एक माणूस रडवेल्या, धापा टाकणाऱ्या आवाजात सांगू लागला, की आपण ज्यांना परग्रहवासी समजतो ते दुसऱ्याच मितीतून आलेत, ते माझ्या मागावर आहेत, माझ्याकडे वेळ थोडा आहे. आणि नेमका तेव्हाच उपग्रहाचा दुवा तुटून प्रक्षेपण बंद पडलं, जवळपास अर्धा तास. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! पुढल्या वर्षी एकाने फोन करून, तो मीच होतो, सगळं नाटक होतं, असंही सांगितलं. त्या रात्री नुकसान कुणाचं झालं? श्रोत्याला ठाऊक होतं की पलीकडे अनोळखी माणूस आहे, नाव नाही, पुरावा नाही. सांगणाऱ्याची पत शून्य असल्याचं कार्यक्रमाच्या रचनेतच लिहिलेलं होतं.

आता विरोधी पक्षाचा सर्वांत जड मुद्दा. तो मी टाळणार नाही, कारण त्यात 39 माणसांचे जीव आहेत. नोव्हेंबर 1996. हेल-बॉप धूमकेतू पृथ्वीकडे येत होता. ह्यूस्टनच्या एका हौशी आकाशनिरीक्षकाने बेलच्या कार्यक्रमात सांगितलं, की त्याच्या छायाचित्रात धूमकेतूच्या मागे शनीसारखी कडी असलेली एक मोठी वस्तू दिसते. खगोलशास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं, की ती वस्तू म्हणजे एसएओ 141894 हा साधा तारा. त्या माणसाच्या संगणकातल्या तारकासूचीत तो नीट दिसला नव्हता, एवढंच. गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही, कारण दुसरा पाहुणा आला. हा हौशी नव्हता. एमरी विद्यापीठात राज्यशास्त्राचा प्राध्यापक असलेला कोर्टनी ब्राऊन. बसल्या जागी दूरच्या वस्तू 'पाहण्याची' विद्या, ज्याला तिकडे रिमोट व्ह्यूइंग म्हणतात, ती आपल्या चमूला येते असा त्याचा दावा. त्याने सांगितलं की ती वस्तू खरी आहे, कृत्रिम आहे आणि तिच्यात बुद्धिमान जीव आहेत. शिवाय एका नामांकित विद्यापीठातल्या, नाव न सांगता येणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाने काढलेलं छायाचित्रही आपल्याकडे आहे. ते छायाचित्र बेलकडे आणि लेखक व्हिटली स्ट्रीबरकडे पोचलं. अट अशी, की तो शास्त्रज्ञ पत्रकार परिषद घेईपर्यंत प्रसिद्ध करायचं नाही. पत्रकार परिषद झालीच नाही. जानेवारी 1997 च्या मध्याला दोघांनी कंटाळून छायाचित्र इंटरनेटवर टाकलं आणि ते हवाई विद्यापीठाच्या छायाचित्रावर खाडाखोड करून बनवलेलं निघालं. मूळ चित्र ज्यांचं, त्या डेव्हिड थोलेन आणि ऑलिव्हिए ऐनो यांनीच ते ओळखलं. तपासाला वेळ कितीसा लागला? चित्र समोर आल्यावर लगेच उलगडा झाला. पण ते समोर यायला आठवड्यांमागून आठवडे गेले, आणि त्या काळात लाखो श्रोत्यांना एवढंच ठाऊक होतं, की आर्टकडे फोटो आहे. मार्चच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या रँचो सांता फे इथल्या एका बंगल्यात 'हेवन्स गेट' पंथाचे 39 जण सामूहिक आत्महत्या करून मृतावस्थेत सापडले. धूमकेतूमागून येणाऱ्या यानात आपले आत्मे जाणार, ही त्यांची श्रद्धा होती.

बेलने त्यांना मारलं, असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं. मार्शल ॲपलव्हाइटचा हा पंथ सत्तरच्या दशकापासून यानाची वाट पाहत होता. तेव्हा बेलला वेगसबाहेर कुणी ओळखत नव्हतं. पंथाने आपल्या संकेतस्थळावर स्वतःच लिहून ठेवलं होतं, की धूमकेतूला सोबती असो वा नसो, आमच्या दृष्टीने ते गैरलागू आहे. धूमकेतू हीच खूण. बेलची बाजू घेणारे इथे थांबतात. मी थांबत नाही. पंथाला त्या छायाचित्राची गरज नव्हती, पण छायाचित्राचा कारभार काय लायकीचा होता, हा प्रश्न त्याने सुटत नाही. एखाद्याने सदोष पूल बांधला आणि योगायोगाने दुर्घटना दुसऱ्याच कारणाने झाली, म्हणून पुलाचा कंत्राटदार निर्दोष ठरतो का? आणि या साऱ्यात फोनवर आलेला हौशी माणूस फार तर चुकला; फसवणुकीचं चित्र आलं ते पदवी, विद्यापीठ आणि 'माझा स्रोत' यांच्या वाटेने. तरीही आज चर्चा कशाची होते? वेड्यांना माईक दिल्याची. चोर सोडून संन्याशाला सुळी.

रेडिओ माणसांना वेडं करतो, ही तक्रार तशी जुनीच. 30 ऑक्टोबर 1938 ला ऑर्सन वेल्सने मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नभोनाट्य बातम्यांच्या धाटणीत सादर केलं आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत देशभर हाहाकार माजल्याच्या बातम्या आल्या. त्या रात्रीच्या श्रोतापाहणीत मात्र तो कार्यक्रम ऐकत असल्याचं सांगणारे दोन टक्केच निघाले होते. घाबरले ते काहीजण खरेच. पण हाहाकार मोठा केला वर्तमानपत्रांनी, ज्यांच्या जाहिराती तेव्हा रेडिओ पळवत होता. आज टीव्ही वाहिन्या आणि वृत्तपत्रं पॉडकास्टवाल्यांकडे बोट दाखवतात तेव्हा मला हे आठवतं. बोट दाखवणाऱ्याचं दुकान कुठलं आहे, तेही पाहावं.

दुसरा वजनदार आक्षेप असा: बेलने रोज रात्री 'सरकार काहीतरी लपवतंय' हे रुजवलं आणि तोच अविश्वास पुढे विषारी झाला. यात तथ्य आहे. पण सरकार लपवत नव्हतं का? 1947 मध्ये रॉझवेलला पडलेल्या अवशेषांना लष्कराने हवामानाचा फुगा म्हटलं. 1994 मध्ये हवाई दलाने मान्य केलं, की ते 'मोगल' या गुप्त प्रकल्पाचे फुगे होते, सोव्हिएत अणुचाचण्यांची चाहूल घेण्यासाठी सोडलेले. 'एरिया 51' वर 1955 पासून यू-2 या हेरगिरीच्या विमानांच्या चाचण्या झाल्या. तळाचं नाव सीआयएच्या खुल्या झालेल्या कागदपत्रांत यायला 2013 उजाडलं. टस्कीगीमध्ये कृष्णवर्णीय रुग्णांना उपचारांशिवाय ठेवून त्यांच्या उपदंशाचा 'अभ्यास' 1932 पासून 1972 पर्यंत चालला. इतकं सगळं झाल्यावर नेवाडातल्या एखाद्या ट्रकचालकाला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं, तर त्याला अडाणी म्हणणारा माणूस मला जरा जास्तच सोयीचा शहाणा वाटतो. चूक शंकेत नव्हती. शंकेतून उडी मारून थेट उत्तरावर जाण्यात होती, आणि ती उडी विकणारे कार्यक्रमात पैशाला पासरी होते.

त्यांतला नमुना म्हणजे एड डेम्स. निवृत्त मेजर, लष्कराच्या रिमोट व्ह्यूइंग पथकात काम केलेला. म्हणजे पाहा, ही पत खुद्द सरकारनेच दिलेली! त्या कार्यक्रमांवर अमेरिकेने सुमारे दोन कोटी डॉलर घालवले आणि 1995 मध्ये निरुपयोगी ठरवून ते बंद केले. डेम्स बेलकडे वर्षानुवर्षं यायचा आणि सूर्याची एक भीषण ज्वाळा पृथ्वी भाजून काढणार असल्याचं बजावायचा. ज्वाळा आली नाही. डेम्स येत राहिला. आणि गंमत अशी, की बेलला नोंदी ठेवायच्या कशा हे चांगलं माहीत होतं. दर वर्षाच्या शेवटी तो श्रोत्यांकडून पुढल्या वर्षाची भाकितं घ्यायचा, क्रमांक टाकून लिहायचा आणि वर्ष संपलं की जुनी यादी काढून कुठलं खरं ठरलं ते पाहायचा. फोनवरच्या निनावी माणसाला वही आणि मेजरला मोकळं रान. माझा सगळा आक्षेप या एका विसंगतीवर उभा आहे.

बेलच्या विरोधात उभ्या राहिलेल्या बुद्धिवाद्यांनीही नेमकं हेच सोडून दिलं. 1998 मध्ये अमेरिकेतल्या संशयवादी मंडळींनी त्याला 'विझलेली मेणबत्ती' हा उपहासाचा पुरस्कार दिला. टाळ्या पडल्या असतील, पण एक तरी श्रोता त्यामुळे हलला असेल का? आपल्याकडे हे काम जास्त नीट झालेलं आहे, म्हणून सांगतो. 2008 मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ज्योतिषांची चाचणी घेतली, तेव्हा कुणाला पुरस्कार दिला नाही, कुणाची टर उडवली नाही. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या, प्रत्येक ज्योतिषाला 40 दिल्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हटलं. 27 जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आली असती. फलज्योतिष मानणारा माणूस या आकड्याशी भांडू शकतो, पण आकड्याने आपला अपमान केला असं त्याला म्हणता येत नाही.

मग कायद्याने काही करावं का? अमेरिकेत याचं जुनं उदाहरण आहे. कॅन्ससच्या मिलफर्ड गावात जॉन ब्रिंकली नावाचा डॉक्टर पुरुषत्वासाठी बोकडाच्या ग्रंथी माणसांना बसवायचा आणि स्वतःच्या रेडिओ केंद्रावर रुग्णांची पत्रं वाचून, न तपासता, क्रमांकांनी औषधं सांगायचा. त्या विक्रीत त्याचा वाटा असे. 1930 मध्ये रेडिओ आयोगाने त्याचा परवाना वाढवून दिला नाही आणि 1931 मध्ये न्यायालयाने म्हटलं, की मागची वागणूक पाहून परवाना नाकारणं ही सेन्सॉरशिप नव्हे. (तो मेक्सिकोच्या सीमेपलीकडे जाऊन आणखी मोठा मनोरा उभारून बसला, हा भाग अलाहिदा.) महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही याच रेषेवर उभा आहे. भूत मानणं गुन्हा नाही; साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. या रेषेच्या अलीकडे बेल होता, असं माझं मत. त्याने कुणाला औषध सोडायला लावलं नाही. कायद्याचा दंडुका त्याच्यावर उगारणं चूक ठरलं असतं. पण कायदा लागू होत नाही म्हणून जबाबदारीही नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?

राहिली वंशावळ. बेलपासून ॲलेक्स जोन्स या कटकारस्थानांच्या गोष्टी पसरवणाऱ्या निवेदकापर्यंत सरळ रेघ ओढतात, ती मला मान्य नाही. 2012 मध्ये सँडी हुकच्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. जोन्सने तो बनाव असल्याचं सांगितलं, दुःखात बुडालेल्या आईबापांना नटनट्या ठरवलं, आणि 2022 मध्ये न्यायालयांनी त्याच्यावर जवळपास दीडशे कोटी डॉलरची भरपाई बसवली. बेलचे खलनायक बहुतेक बिनचेहऱ्याचे असत. उलट स्वतः बेलवरच एका लघुलहरी केंद्रावरून अत्यंत गलिच्छ आणि खोटे आरोप झाले होते, आणि तो न्यायालयात गेला होता. न तपासता बोललेलं वाक्य नावागावाच्या माणसावर कसं कोसळतं, हे त्याने अंगावर घेतलं. त्याच्यानंतरच्या पिढीला त्याच्याकडून काही मिळालं असेल तर ते बाजाराच्या वाटेने. 1996 च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने किती रेडिओ केंद्रं बाळगावीत यावरची देशपातळीवरची मर्यादा उठवली आणि क्लिअर चॅनलसारख्या कंपनीकडे काही वर्षांत बाराशेच्या वर केंद्रं जमा झाली. गावोगावचे रात्रीचे निवेदक घरी गेले, कारण उपग्रहावरून येणारा एकच कार्यक्रम स्वस्त पडतो. एका माणसाने न तपासलेली गोष्ट एकाच रात्री चारशे गावांत पोचली, यात त्या एका माणसाइतकाच हा हिशेबही दोषी आहे. बेलवर तुटून पडणाऱ्यांच्या लेखांत मला हा कायदा क्वचितच दिसतो. माणसावर राग काढणं सोपं. दर-पत्रकावर काढायला आकडे वाचावे लागतात.

शेवटचा आक्षेप त्याच्या चाहत्यांचा. म्हणे, पाहुण्याला कात्रीत पकडलं असतं तर जादूच गेली असती, पहाटे तीनला कोण ऐकलं असतं? याला उत्तर न्यूयॉर्कने बेलच्या चाळीस वर्षं आधी दिलेलं आहे. लाँग जॉन नेबेल नावाचा निवेदक पन्नाशीच्या दशकापासून डब्ल्यूओआर केंद्रावर रात्रभर हाच बाजार मांडायचा. शुक्रावर जाऊन आलेले, तबकडीत बसून आलेले, सगळे त्याच्याकडे यायचे. फरक इतकाच, की टेबलाभोवती उलटतपासणी घेणारी चार माणसं असायची; पुढे जगप्रसिद्ध झालेला जादूगार जेम्स रँडी त्यांच्यातलाच. नेबेल पाहुण्याला तोंडावर सांगायचा, की मला हे पटत नाही, आणि तरी पुढे बोल म्हणायचा. पाहुणे तरीही यायचे, कारण कुणी आपलं म्हणणं इतक्या बारकाईने ऐकलेलं त्यांच्याही वाट्याला फारसं आलं नसावं. संमोहनाच्या नादात पुढे तोही एका प्रकरणात वाहवत गेला, तेव्हा त्याला संत ठरवायचं कारण नाही. पण त्याच्या उलटतपासणीमुळे श्रोत्यांनी रेडिओ बंद केले, असं काही झालं नाही. 1978 मध्ये तो वारला तेव्हाही, डब्ल्यूओआर सोडून आणखी दोन केंद्रं पालथी घालून झाल्यावर, न्यूयॉर्कमधली रात्र त्याच्याच नावावर होती.